बिनवायरीचा पराक्रम

बॅटरीवरचं ड्रिल हातात आलं की माणूस आधी काय करतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो ते हवेत धरतो आणि ट्रिगर दोनदा दाबतो. ढर्र, ढर्र. भिंत लांब असते, भोक कुठे पाडायचं हे ठरलेलं नसतं, पुष्कळदा बिटही बसवलेलं नसतं. पण हवेला दोन भोकं पाडल्याशिवाय त्याचा जीव शांत होत नाही. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते किंमत सांगण्याआधी यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात देतात. वय, शिक्षण, हुद्दा काही आड येत नाही. मुख्याध्यापकही ढर्र करतात.

वायरीचं ड्रिल होतं तेव्हा भिंतीला भोक पाडणं हा घरगुती समारंभ असे. आधी एक्स्टेंशन बोर्ड शोधायचा. तो नेमका इस्त्रीला लावलेला. मग वायर पुरत नाही म्हणून कपाट सरकवायचं. एकानं स्टूल धरायचं, एकानं वायर पायात येणार नाही हे बघायचं आणि एकानं बटणापाशी उभं राहून "करू का चालू?" असं दर मिनिटाला विचारायचं. या गडबडीत अर्धा तास सहज जाई आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणे, "अहो, पण घड्याळ इथंच कशाला? तिकडे खिळा आहेच की." कितीतरी भिंती अशा वाचल्या.

वायर ही त्या यंत्राची वेसण होती. पिन काढली की खेळ खलास, हे शेंबड्या पोरालाही दिसायचं. बिनवायरीचं यंत्र मात्र तसं कधीच बंद नसतं. स्टुलावर आडवं पडलेलं असो की पिशवीत कोंबलेलं, बॅटरी आत असेतो ते हुकमाची वाट बघत असतं. हुकूम तुम्हीच द्यायला हवा असंही नाही. पिशवीतल्या पकडीनं ट्रिगर दाबला तरी त्याला चालतं.

आमच्या इमारतीत फर्निचरची कामं करणारे एक मिस्त्री आहेत. बिट बदलायचं झालं की ते आधी दोन्ही बाजूंची बटणं चिमटीत धरून बॅटरी खटकन ओढतात आणि काखेत ठेवतात. मग चक सैल करणार, जुनं बिट काढणार, नवं घालणार, चक आवळणार, बिट बोटांनी हलवून बघणार आणि शेवटी काखेतली बॅटरी परत जागेवर. चहाचे दोन घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ. एकदा मी विचारलं, "दर वेळी कशाला काढता हो?" ते म्हणाले, "साहेब, मशीनला काय कळतंय, आपण बिट बदलतोय का भोक पाडतोय?"

हेच मिस्त्री ड्रिल चालवताना हातमोजे घालत नाहीत. बघणाऱ्याला तो हलगर्जीपणा वाटतो. पण फिरतं बिट हातमोज्याचा एखादा धागा पकडतं आणि धाग्यामागून बोट ओढून नेतं. ओढणी, लोंबत्या बाह्या, गळ्यातली चेन, मोकळे केस, सगळ्यांची कथा तीच. मे महिन्यात उघड्या अंगानं भिंतीशी झुंजणाऱ्यांनी जानव्याचाही विचार करावा.

"बॅटरीचं आहे, शॉक बसत नाही" हे वाक्य मात्र ऐकलं की मला धडकी भरते. हातातली बॅटरी १८ व्होल्टची असेल, भिंतीतली वायर २३० व्होल्टची असते, आणि मधलं बिट धातूचं. आपल्याकडच्या घरांत कन्सील्ड वायरिंगची नळी बहुतेक वेळा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा खाली जाते. म्हणून मिस्त्री भोकाची खूण करण्याआधी बोर्डाकडे बघून घेतात आणि त्या उभ्या पट्ट्याच्या वाटेला जात नाहीत. न्हाणीघरात नळांच्या वर-खालीही हेच. तिथं वायर नाही लागली तर पाइप लागतो. खरं म्हणजे बिनवायरीच्या ड्रिलनं इथं एक मोठीच सोय करून दिली आहे. मेन स्विच बंद करूनही भोक पाडता येतं. वायरीच्या ड्रिलला हे कुठलं जमायला! पण मेन बंद केला की पंखा थांबतो, मालिका थांबते, आणि एका भोकासाठी एवढा रोष पत्करायला कुणी धजत नाही.

ताकदीबद्दलही गैरसमज फार. बॅटरीवर चालतं म्हणजे खेळण्यातलंच काहीतरी, अशी समजूत. १८ व्होल्टचं चांगलं ड्रिल ५० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ सहज देतं. मीटरभर काठीच्या टोकाला पाच किलो कांद्यांची पिशवी अडकवा आणि काठी आडवी धरा, म्हणजे ५० म्हणजे काय ते मनगटाला समजेल. बिट सळईत अडकलं की मोटर थांबत नाही. बिट फिरत नाही म्हणून ती ड्रिलच फिरवते, आणि ड्रिलला चिकटलेलं तुमचं मनगटही. यासाठी मोठ्या ड्रिलच्या खोक्यात बाजूला लावायची एक जादा मूठ दिलेली असते. ती वॉरंटी कार्डाच्या सोबतीनं खोक्यातच राहते.

अडकण्याला चंद्रही अपवाद नाही. १९६१ साली ब्लॅक अँड डेकरनं बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं आणि पुढं दहा वर्षांनी अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर बॅटरीचं ड्रिल चालवलं. जमीन वाटली होती त्याहून घट्ट निघाली. आत गेलेली नळी उपसता उपसता दोघांची दमछाक झाली. तिथं निदान कन्सील्ड वायरिंग तरी नव्हतं.

ड्रिलच्या गळ्यात आकड्यांचं एक कडं असतं. स्क्रू पुरेसा आवळला गेला की यंत्र 'कट कट कट' करून आपलं अंग काढून घेतं. इतका सभ्य नकार माणसांतही मिळत नाही. पण आपल्याला वाटतं मशीन बिघडलं. मग कडं फिरवून थेट शेवटच्या खुणेवर, आणि स्क्रूच्या डोक्याची खाच गुळगुळीत.

ड्रिलपर्यंत ठीक आहे. बिनवायरीचा ग्राइंडर घरोघर येऊ लागला आहे त्याची मला खरी काळजी वाटते. चार इंची चकती मिनिटाला दहा हजार फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पळत असते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, तीही घाट सोडून. ही चकती फुटली तर तुकडे त्याच वेगानं निघतात, म्हणून तिच्यावर लोखंडी गार्ड असतो. आणि मोठी चकती बसत नाही म्हणून आपल्याकडे आधी तो गार्डच काढतात. रस्त्याकडेला ग्रिल कापणारा कारागीर बघा: पायात स्लिपर, ठिणग्यांचा फवारा, आणि मान तिरकी करून डोळे किलकिले केले की झाला गॉगल. बटण सोडल्यावरही चकती काही क्षण फिरतच राहते. तेवढ्यात ग्राइंडर मांडीवर टेकवणारेही आहेत.

बॅटरीचं वेगळंच. सोसायटीत एकाचं ड्रिल १८ व्होल्टचं आणि दुसऱ्याचं २०. दुसरे जिन्यात जरा ताठ चालत. दोन्हींच्या पोटात पाचपाचच सेल असतात. नुकती चार्ज केली की २० भरते आणि कामाला लागली की १८ वर येते, एवढाच फरक. हे कळल्यावर दोघंही खट्टू झाले. दोघांच्याही बॅटऱ्या स्क्रूंच्या डब्यात उघड्या पडलेल्या असायच्या. एखादा स्क्रू दोन टोकांवर आडवा पडला की शॉर्टसर्किट व्हायला वेळ लागत नाही, आणि लिथियमची आग सहजी विझत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवणं म्हणजे तिची परीक्षाच बघणं. फुगलेली बॅटरी परत चार्जरला लावू नये, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये.

परदेशातून ड्रिल आणणाऱ्या भाच्यांची आणखी एक गंमत. ड्रिल केबिनमध्ये नेऊ देत नाहीत आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. त्यामुळे यंत्र विमानाच्या पोटात आणि बॅटरी भाच्याच्या हातात, असा दोघांचा प्रवास होतो. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांना विमानवाल्यांबद्दल एकदम आदर वाटला.

खंडेनवमीला त्यांच्याकडे पाटावर करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिटाशेजारी ड्रिलही मांडतात. हळद-कुंकू, झेंडूची माळ, सगळं साग्रसंगीत. घरात लहान नातू आहे आणि त्याचं बोट ट्रिगरवर बरोबर पोचतं. म्हणून बॅटरीचा पाट वेगळा, तिला फूल वेगळं, आणि तो पाट कपाटावर.