हवा धरली

ज्या जिल्ह्यात मुलगी देताना मुलाच्या पगाराआधी त्याच्या विहिरीला पाणी किती हे विचारतात, त्या जिल्ह्यात आमच्या मेहुण्यांनी होडीचं इंजिन विकत घेतलं. तेही जुनं, समुद्राचं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण समुद्र काही जवळ आला नाही. नगरी माणसानं रणगाडा जवळून पाहिलेला असतो, कारण शहरात रणगाड्यांचं संग्रहालयच आहे. पाण्याचा टँकर तर रोजच्या बघण्यातला. होडीचं इंजिन मात्र आमच्यापैकी कुणीही हात लावून पाहिलेलं नव्हतं.

“दाजी, २६ टीएमसीचं धरण उशाला आहे. आपण वल्ही कशाला मारायची?” मेहुणे म्हणाले. धरण म्हणजे मुळा, राहुरीजवळच्या बारागाव नांदूरचं. दाजी म्हणजे मी, गणिताचा निवृत्त मास्तर. दाजींचं मत विचारायची आमच्याकडे पद्धत आहे, ऐकायची नाही.

फाल्गुनात मुहूर्त काढला. इंजिनाला हार घातला, पंख्याला कुंकू लावलं, पंख्यावरच नारळ फोडणार होते तो मी दगडावर फोडायला लावला. सासरकडचं अर्धं गाव काठावर जमलं. होडीत मेहुणे, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि वजनाला म्हणून मी. दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं, काठावर टाळ्या पडल्या. दोनशे फूट आम्ही असे गेलो की माझी टोपी उडाली. मग मेहुण्यांनी मूठ आणखी पिळली. इंजिन किंचाळलं आणि होडी थांबली. मूठ जितकी पिळावी तितका आवाज वाढे, आणि वाऱ्यानं आम्ही तितकेच मागे येत होतो.

काठावरून निदानं सुरू झाली. डिझेलच्या पंपांवर वाढलेली आमची माणसं. इंजिन कुठलंही असो, आमच्याकडे त्याला एकच आजार होतो: “हवा धरली!” हे एकदम दहा-बारा जण ओरडले. मग प्लग, मग कार्बोरेटर, मग पेट्रोलमधली भेसळ. आमची ही भाकरीचं गाठोडं सांभाळत म्हणाली, “मिक्सरचं खालचं रबर गेलं की अस्साच आवाज येतो.” हे ऐकून मात्र सगळे मनमोकळं हसले. पाण्यात अडकलेला मीसुद्धा हसलो.

शेवटी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं लावणारा एक पोरगा हातानं पाणी मारत आला, आमचा दोर धरला आणि शिकलेल्या दोन पिढ्यांना, म्हणजे मला, मेहुण्यांना आणि भाच्याला, काठाला घेऊन गेला. पैसे घेतले नाहीत. तेच जास्त लागलं.

असाच वल्ह्याचा कंटाळा येऊन होडीचं इंजिन बनवणारा एक जण आधीही होऊन गेला. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला मिस्त्री अमेरिकेत मिलवॉकीला राहायचा. तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असताना त्याच्या बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं. हा वल्ही मारत गेला, वल्ही मारत आला, तोवर आइस्क्रीमचं पाणी झालं होतं, असं सांगतात. १९०९ मध्ये त्यानं दीड अश्वशक्तीचं इंजिन विकायला काढलं. आमच्या मेहुण्यांच्या इंजिनामागे कुणाचं आइस्क्रीम नव्हतं. शेजाऱ्यानं जेसीबी घेतला होता.

पुढचे पंधरा दिवस ‘हवा’ काढण्यात गेले. कार्बोरेटर दोनदा धुतला. प्लग बदलला. पेट्रोल दुसऱ्या तालुक्यातून आणलं. इंजिन इतकं गोड वाजायला लागलं की ऐकत बसावं. होडी मात्र तशीच. मग मी एका ट्रॅक्टर मिस्त्रीला गाठलं. समुद्र त्यानंही पाहिला नव्हता, पण गडी विचार करून बोलणारा.

“गुरुजी, आवाज चढतो का?”

“चढतो.”

“होडी पळती का?”

“नाही.”

“हळू सोडली तर?”

मी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी आयुष्यात काहीच हळू सोडून पाहिलेलं नव्हतं. तिथल्या तिथे होडी पाण्यात ढकलली, मूठ जेमतेम उघडली, आणि होडी नव्या सुनेसारखी मुकाट चालू लागली. मूठ पिळली की पुन्हा किंकाळी.

“मग डोक्याला काय झालं नाय,” मिस्त्री म्हणाला. “ट्रॅक्टरची क्लच प्लेट घसरती तसं खाली कायतरी घसरतंय. वर कशाला उघडत बसलात?”

इंजिन त्यानं काढून दोन फळ्यांच्या घोडीवर टांगलं. आधी प्लगची वायर उपसली. “पंख्याला हात लावायच्या आधी ही काढायची. बोटं परत उगवत नाहीत.” मग त्यानं मला जे दाखवलं ते मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवूनही इतकं नीट कुणाला दाखवलं नसेल. इंजिन वर. त्यातून एक उभी दांडी पायातून खाली उतरते. तळाशी पपईएवढ्या पेटीत तीन तिरप्या दातांचे गिअर. उभं फिरणं तिथे आडवं होतं. पुढचा आणि मागचा असे दोन गिअर कायम उलटसुलट फिरत असतात. त्यांच्यामध्ये डॉग नावाचा एक दातेरी तुकडा सरकतो, ज्याला जाऊन धरेल त्या दिशेला पंखा फिरतो.

न्यूट्रलला पंखा हातानं गरगर फिरला. पुढच्या गिअरला टाकल्यावर एकीकडे कटकट करत फिरला, दुसरीकडे घट्ट अडला. “डॉग शाबूत. पण किती दिवस राहील सांगता येत नाय. गिअर कसा टाकता?”

“एकदम हळुवार,” मेहुणे अभिमानानं म्हणाले.

“तिथंच चुकता. हळूहळू टाकला की दाताला दात घासून कोपरे झिजतात. मशीन मंद ठेवायचं आणि खट्दिशी टाकायचा.” जिथे सबुरी हवी तिथे मेहुणे मूठ पिळत होते, आणि जिथे झटका हवा तिथे गालावरून मोरपीस फिरवत होते. हे ऐकून माझ्या बायकोनं भावाकडे जो कटाक्ष टाकला त्यात त्यांचं सगळं बालपण होतं.

मग पेटीचा तळचा स्क्रू सैल केला. काळपट ऑईल यायच्या ऐवजी दूध जास्त झालेला चहा आला. म्हणजे आत पाणी. मिस्त्रीनं तो चहा दोन बोटांत चोळला, उन्हात धरला. “चकाकत नाय. लोखंडाचा चुरा नाय, गिअरचे दात वाचले.” पाणी कुठून शिरलं याचं उत्तर पंखा काढल्यावर मिळालं. मागे शाफ्टला गळाचा तंगूस गुंडाळलेला, चांगला मूठभर. घट्ट होत होत त्यानं ऑईल सील कापलं होतं. तंगूस कुणाचा, हे विचारताच मेहुणे धरणाच्या भिंतीकडे बघायला लागले.

पंखा पुन्हा बसवला आणि मिस्त्रीनं हात पुढे केला. “गुरुजी, खडू?”

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माझ्या खिशात खडू असतो, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. त्यानं पंख्याच्या मधल्या नळीवर आणि बाहेरच्या पात्याच्या मुळावर मिळून एक सरळ रेघ मारली, वर मेण घासलं. इंजिन होडीला लावताना पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा बोटभर खाली येते ना, तेही पाहिलं. वर राहिली तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. तेवढीच काय ती ‘हवा’ सगळ्या प्रकरणात निघाली. होडी आत नेली, मूठ पिळली, किंकाळी ऐकली, परत आणली.

रेघेचे दोन तुकडे झाले होते. आतला तुकडा बाराच्या ठोक्यावर, बाहेरचा साडेचारला.

“आतली नळी फिरती, बाहेरचा पंखा फिरत नाय. मध्ये रबराचा बुश असतो, तो सुटलाय. लहान मशीनला त्या जागी मऊ पिन असती. मुद्दाम कच्ची ठेवलेली असती ती वस्तू. पंखा कशावर आदळला तर तिनं मरायचं आणि गिअर वाचवायचे. आता खरं सांगा, कुठं धडकली?”

“छे! मुहूर्तालाच तर पहिल्यांदा पाण्यात घातली,” मेहुणे म्हणाले.

“पप्पा, आदल्या दिवशी नाही का आपण गुपचूप आणली होती? ती बाभळ?” भाचा म्हणाला.

डॉक्टर पेशंटबरोबर घरातलं लहान पोर का आत घेत नाहीत मला कळत नाही. निम्म्या तपासण्या वाचतील.

मेहुणे म्हणाले, चूक आवर्तनाची. दिवाळीला धरण भरलेलं असताना ती बुडालेली बाभळ वीस फूट खाली होती. उन्हाळी आवर्तन सुटलं, पाणी उतरलं आणि बाभळ वर आली. बाभळ जागची हलली नव्हती एवढा मुद्दा कुणी काढला नाही. सुटलेल्या आवर्तनावर गावातल्या दोन उसाच्या फडांचाही हक्क होता, त्यामुळे चर्चा तिकडे वळली.

आठ दिवसांनी नवा बुश, नवं सील आलं. बसवण्याआधी मिस्त्रीनं जुना बुश आमच्या हातात दिला. घासून गुळगुळीत झालेलं काळं रबर, जळका वास. मेहुण्यांनी तो उलटासुलटा केला. “म्हणजे हे नेमकं असतं तरी काय?”

“काय नाय ओ, मिक्सरच्या भांड्याखाली कपलर असतो का, तसंच. तो गेला की मिक्सर नुसता ओरडतो.”

काठावर एकदम शांत झालं. सगळ्यांनी आमच्या हिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. गाठोडं सोडलं, प्रत्येकाच्या हातावर भाकरी ठेवली आणि भाकरीवर शेंगदाण्याची चटणी. मिक्सरवरची होती.