सगळा दोष ब्यूटेनचा

बायकोच्या मते दोष माझ्या उजव्या पायाचा आहे. माझ्या मते तो ब्यूटेनचा आहे. मिशिगनमधली झाडं लाल-पिवळी व्हायला लागली, आम्ही पिकअपमागे ट्रेलर लावून उत्तरेकडे निघालो, की गेलर्ड यायच्या आत हा वाद पेटतो. ती खिडकीबाहेर झाडं बघत भांडते, मी मायलेजच्या मीटरकडे बघत.

आमची पिकअप एकटी असली की हायवेला गॅलनमागे वीस मैल देते. मागे चोवीस फुटी ट्रेलर जोडला की दहा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उभाच्या उभा ओढत नेल्यावर गाडीने आणखी काय करावं? पण हे दहा ऑगस्टमधले. ऑक्टोबरात तोच रस्ता, तोच ट्रेलर, तीच बायको, आणि मीटर नऊवर. ट्रेलरवाल्याचा एक मैल म्हणजे त्याच्या मिळकतीचा दहावा हिस्सा. तो कोण खातं, हे शोधणं मला माझं नागरिक म्हणून कर्तव्य वाटलं.

तर ऐका. अमेरिकेत पेट्रोल बारा महिने एकच नसतं. उन्हाळ्यात त्याची वाफ उडते, ती उन्हात शिजून ओझोन आणि धुरकं तयार होतं, म्हणून १ जून ते १५ सप्टेंबर पंपावरच्या पेट्रोलचा बाष्पदाब ढोबळमानाने ९ पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही असा केंद्राचा नियम. आमच्या डेट्रॉइटभोवतीच्या काउंट्यांत तर ७. पंधरा सप्टेंबर उलटला की रिफायनऱ्या मोकळ्या होतात आणि पेट्रोलात ब्यूटेन ढकलायला लागतात. ब्यूटेन स्वस्त, शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळणारा. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत इंजिन पटकन सुरू होतं. पण त्याच्या गॅलनमध्ये उष्णता कमी. आपल्या घरच्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेनच्या जोडीने असतो तोच हा ब्यूटेन. म्हणजे ऑक्टोबरात मी पेट्रोलचे पैसे मोजतो आणि काही अंशी स्वयंपाकाच्या गॅसवर ट्रेलर ओढतो.

‘‘मग हिवाळ्यातलं पेट्रोल स्वस्तही असतं ना?’’ बायको म्हणाली. विषय कुठे चाललाय याचं भान नसलं की माणसं असे प्रश्न विचारतात.

हे ज्ञान मी स्वतःपुरतं ठेवलं नाही. मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, मसालेभातापासून श्रीखंडापर्यंत मी ते वाटत गेलो. आता डेट्रॉइटच्या कुठल्याही मराठी रांगेत दर तिसरा माणूस मोटारींचा इंजिनिअर असतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी डेटाबेसवाला. माझ्या पुढे उभा होता तो एका मोटार कंपनीत वाऱ्याच्या बोगद्यात गाड्या तपासतो. त्याने शांतपणे विचारलं, ‘‘किती टक्के?’’

‘‘बराच,’’ मी म्हणालो.

‘‘पर्यावरण खात्याचा आकडा आहे. उन्हाळी पेट्रोलमध्ये सरासरी १.७ टक्के ऊर्जा जास्त. दहा मैलांवर किती झाले? पॉइंट सतरा. बाकीचे पॉइंट त्र्याऐंशी कुठे गेले?’’

मग त्याने पुरी हातात धरूनच माझी शाळा घेतली. ऐंशी अंश फॅरनहाइटची हवा चाळिसावर आली की आठ टक्के जड होते, आणि ट्रेलरच्या सपाट थोबाडाला ती सगळी बाजूला सारावी लागते. दर दहा अंशांना टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते. गिअरचं तेल, बेअरिंगचं ग्रीस घट्ट होतं. आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठावरून सत्तरवर गेलास की छत्तीस टक्के जास्त. ‘‘तू कितीने जातोस?’’

‘‘लिमिटच्या आत.’’

‘‘वर उत्तरेत आय-७५ ला लिमिट पंचाहत्तर आहे. तुझ्या ट्रेलरच्या टायरांचं पासष्ट असेल. वाचून बघ, पुष्कळ टायरांच्या बाजूलाच लिहिलेलं असतं.’’

मागे उभी असलेली बायको ऐकत होती. एवढ्या भक्तिभावाने मी तिला आरतीच्या वेळीही पाहिलेली नव्हती.

हिशेबच करायचा तर आमच्या घरापासून, आम्ही उत्तरेला जातो ते म्युनिसिंग सुमारे चारशे मैल, म्हणजे चाळीस गॅलन. त्यात ब्यूटेनमुळे जादा लागतं ते पाऊण गॅलनही नाही. दोन-अडीच डॉलर. तेवढ्यासाठी मी एक्सेलची फाइल ठेवली आहे, तिला नऊ कॉलम आहेत आणि एकाचं नाव ‘पंपवाल्याचा चेहरा’ असं आहे. एकदा तर उत्तर मिशिगनमध्ये होडीवाल्यांसाठी विकतात ते बिनइथेनॉलचं पेट्रोल भरलं. ऊर्जा तीन टक्के जास्त, भाव त्याच्या कितीतरी पट जास्त. त्या टाकीचा आकडा फाइलमध्ये हिरव्या रंगात आहे. पैशांचा कॉलम मी लपवून ठेवलाय.

हे रक्तातच आहे. माझे बाबा पुण्यात टू-स्ट्रोक स्कूटर चालवायचे आणि पेट्रोल भरायला पहाटे सहाला जायचे. का, तर गार पेट्रोल आकसतं, लिटरमध्ये जास्त बसतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट काय आणि दुपार काय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते सहालाच गेले असते. पंप तोच, पोऱ्या तोच. मीटरचं शून्य दोघांनी मिळून बघायचं, त्यावर एकमत झालं की मग नळी. पेट्रोल तोंडापर्यंत आलं की बाबा स्कूटर दोन्ही बाजूंना हलवायचे, फेस बसला की आणखी एक घोट. टूटी ऑइल मोजून. शेवटी नळी उंच धरून तिच्यातले थेंब निथळून घ्यायचे, कारण त्यांचे पैसे आपण दिलेत. घरी आल्यावर बँकेच्या डायरीत तारीख, किलोमीटर, लिटर, आणि भागाकार. भागाकार ते माझ्याकडून करून घेत. दशांश अपूर्णांक मी शाळेत शिकलो असं माझ्या बाईंना वाटायचं.

रविवारी बनेश्वरला जायचो आम्ही. पुढे मी उभा, मागे आई, आईच्या मांडीत बहीण, हँडलला डब्यांची पिशवी. कात्रजचा बोगदा ओलांडून उतार लागला की बाबा इंजिन बंद करायचे. एकदम शांत व्हायचं. फक्त वारा आणि आईचा आवाज, ‘‘अहो, ब्रेक लागतात ना?’’ बाबा उत्तर द्यायचे नाहीत. ते मनात मीटर चालवत असायचे. खाली शिवापूरच्या अलीकडे स्कूटर रेंगाळायला लागली की आम्ही सगळे नकळत पुढे वाकायचो. एवढं पेट्रोल वाचवून किती वाचलं असेल? त्या काळचे काही पैसे. आज कुणी माझ्या मुलांना असं घाटातून नेलं तर मी पोलिसांना बोलवीन. पण त्या उतारावर बाबांची हनुवटी माझ्या टाळूवर टेकलेली असायची. एरवी त्यांनी मला जवळ घेतलेलं फारसं आठवत नाही.

आता त्यांना कमी दिसतं. गाडीची किल्ली बहिणीने काढून घेतली, तो दिवस घरात कुणीच नीट निभावला नाही. फोनवर काय बोलायचं हा आम्हा दोघांपुढचा जुनाच प्रश्न. तब्येतीचं विचारलं की ‘‘ठीक’’, जेवणाचं विचारलं की ‘‘झालं’’. मग ते खाकरतात आणि विचारतात, ‘‘बरं, किती दिलं?’’ मी गॅलनचे लिटर करतो, मैलांचे किलोमीटर करतो. पहिल्यांदा ट्रेलरचा आकडा सांगितला तेव्हा फोन कट झाला असं वाटलं.

‘‘सव्वाचार?’’ बऱ्याच वेळाने आवाज आला. ‘‘लिटरला? अरे, मालट्रक देतो की एवढं!’’

आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही बोललो. तिकडे पुण्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून त्यांना हक्काची तक्रार मिळाली आहे. बहिणीच्या गाडीचं ॲव्हरेज उतरलं, हे त्यांनी मागच्या सीटवर बसून ओळखलं. सरकार म्हणतं जुन्या गाड्यांत तीन ते सहा टक्के फरक पडेल. बाबांचा आकडा दहाच्या खाली येत नाही. अडचण एवढीच की ते इथेनॉल काही अंशी उसाचं, आणि ऊस कोल्हापूरच्या पुतण्याचा. पुतण्या ‘‘काका, आमचा ऊस तुमच्या टाकीत’’ म्हणून फोनवर हसतो, तेव्हा त्यांना हसावं लागतं. माझा फोन ठेवला की बहिणीला डायरी उघडायला लावतात. माझे आकडे त्याच डायरीत जातात, आता बहिणीच्या अक्षरात.

मला मनापासून राग कशाचा येत असेल तर तो पंपाचा. इथल्या पंपावर ऑक्टेन ठळक लिहिलेलं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याचं स्टिकर चिकटवलेलं, पडद्यावर कॉफीची जाहिरात. पण टाकीत उन्हाळी आहे की हिवाळी, गॅलनमध्ये उष्णता किती, याचा एक शब्द नाही. दुधाच्या पिशवीवर फॅट लिहितात. हे शंभर डॉलरचं घ्यायचं, मापाने घ्यायचं, आणि आत काय ते विचारायचं नाही.

ब्यूटेनचं सगळं प्रकरण बाबांना सांगितलं. बाष्पदाब, रिफायनऱ्या, पंधरा सप्टेंबर. ते लक्ष देऊन ऐकत होते. इतका मोठा कट उघडकीला आल्याचं समाधान त्यांच्या हुंकारात होतं. मग म्हणाले, ‘‘चाळीसच्या वर नेली की पेट्रोल प्यायचीच आपली स्कूटर. तू जरा हळू नेऊन बघ की.’’

वाऱ्याच्या बोगद्यातला माणूस आणि कात्रजच्या बोगद्यातला माणूस एकच सांगत होते. बायकोने स्पीकर चालू करायला लावला आणि ते वाक्य बाबांकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटी निघालो तेव्हा पार मॅकिनॉ पुलापर्यंत साठने गेलो. मालट्रक ओलांडून जात होते, एका ट्रकवाल्याने हॉर्न देऊन हात केला, तो कौतुकाचा नसावा. बायको म्हणाली, झाडं पहिल्यांदाच नीट दिसली. पुलाच्या अलीकडे टाकी तोंडापर्यंत भरून भागाकार केला. दहा पॉइंट आठ.

रात्री बाबांना फोन लावला.

‘‘बघ,’’ ते म्हणाले.

‘‘ते खरं बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘पण आमच्या पंपावर अजून उन्हाळ्यातलंच उरलेलं असणार.’’