सर, सूप राहू द्या

आमच्या कराडात 'फाइन डाइन' रेस्टॉरंट उघडलं ही बातमी मला फ्लेक्सवरून कळली. हायवेच्या सर्व्हिस रोडला दोन मजली उंचीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर माजी, आजी आणि भावी अशा सगळ्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे होते आणि त्यांच्या पायाशी, उरलेल्या जागेत, एक पनीर टिक्का.

खाण्याच्या बाबतीत कराड काही उपाशी गाव नाही. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या अख्ख्या मसुरासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावरचे लोक मुद्दाम गाडी आत घेतात. स्टीलच्या ताटात वाफाळता मसूर, वर तर्री, बाजूला फोडलेला कांदा आणि हाताला चटका देणारी रोटी. मटणाच्या खानावळीत तर रश्श्याची वाटी रिकामी करणं हा ग्राहकाचा उद्धटपणा समजतात, इतक्या तत्परतेनं ती भरली जाते. तेव्हा गावाला जेवायला जागा कमी पडत होती असं मुळीच नाही. कमी पडत होती ती जेवताना फोटो काढायला जागा. ती या मंडळींनी नेमकी हेरली.

गूगलवर या हॉटेलाला चार पूर्णांक नऊ तारे आहेत. पण तारे देणाऱ्यांची नावं वाचत गेलं की लक्षात येतं, आडनावं दोनच आहेत.

मालक आमच्या दाजींच्या व्याह्यांचे चुलतभाऊ. पुण्या-मुंबईत या नात्याला कदाचित काही किंमत नसेल. आमच्याकडे याला 'जवळचे पाहुणे' म्हणतात आणि त्यांच्या घरच्या कार्यात आपल्याला फेटा बांधतात. त्यामुळे दाजींची एकसष्टी आली तेव्हा कुठे जायचं यावर चर्चाच झाली नाही. बाहेर कुठे जेवलो असतो तर पुढचं सगळं आयुष्य 'आमच्याकडं कशाला याल तुम्ही?' हे ऐकण्यात गेलं असतं. दाजी, ताई, पुण्याहून आलेली भाची, मी, माझी बायको आणि उंब्रजहून खास आणलेली आमची आत्या, असे आम्ही निघालो. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. तिचे दात गेले, पण जीभ शाबूत आहे, दोन्ही अर्थांनी.

दारात वर्दीतल्या माणसानं कडक सॅल्यूट ठोकला. आत्यानंही हात जोडले आणि 'पोरंबाळं बरी हाईत न्हवं?' असं विचारलं. संध्याकाळभरात त्या हॉटेलात इतकं मनापासूनचं दुसरं काही झालं नाही.

आत अंधार होता. थोडा उजेड भिंतीच्या खाचेतून यायचा, तोही भिंतीवरच पडायचा. एसीमुळे आत्यानं पदर कानावरून घेतला आणि विचारलं, "लाईट गेलीया व्हय रं?"

कोटातले कॅप्टन वाकून म्हणाले, "नाही मॅडम, ॲम्बियन्स आहे."

"आसंल," आत्या म्हणाली. "मग लाईट कवा यील?"

टेबलावर मेनूच्या जागी एक चौकोनी ठिपक्यांची पाटी होती. ती मोबाइलवर स्कॅन करायची. पण त्या जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नव्हती. हॉटेलचं वायफाय होतं, पण त्याचा पासवर्ड मालकांच्या मुलाला ठाऊक होता आणि मुलगा साताऱ्याला गेला होता. शेवटी कुठून तरी छापील मेनू आला. एकच होता. कातडी बांधणीचा, गोंड्याचा, आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरएवढा. दाजींनी तो धरला, भाचीनं मोबाइलची बॅटरी मारली आणि मी वाचन केलं. इटालियन, मेक्सिकन, थाई, लेबनीज, मुघलाई. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या गावात मासा मात्र कुठल्याच पानावर नव्हता, आणि भाकरीही नव्हती.

ऑर्डर घ्यायला जो पोरगा आला त्यानं काळा शर्ट, गळ्याला बो आणि हातात काळे मोजे घातले होते. त्यानं पॅड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो ताठ झाला. "सर!"

हॉटेलात सगळ्यांनाच सर म्हणतात. पण या 'सर'मध्ये न केलेल्या गृहपाठाची भीती होती. नववी ब, शेवटचा बाक, खिडकीकडची बाजू. भूगोलाच्या तासाला सगळं जग खिडकीतून बघणारा विद्यार्थी. मी पाठीवर हात ठेवला, विचारपूस केली आणि सुरुवात सूपानं करावी म्हणून बोट ठेवलं.

तो खाली वाकला. "सर, सूप राहू द्या."

"का रे?"

"राहू द्या सर."

मी पास्ता विचारला. त्यानं छताकडे पाहिलं. थाई करी म्हटल्यावर तो पॅडवर काहीतरी गिरवायला लागला. लेबनीज पान मी उलटायला घेतलं तेव्हा त्यानंच हळूच पुढचं पान उलटलं. शाळेत मी त्याला वर्षभर प्रश्न विचारले आणि त्याला एकाचंही उत्तर आलं नव्हतं. इथे तो एकही शब्द न बोलता प्रत्येक प्रश्नाचं बिनचूक उत्तर देत होता.

"मग तुम्ही पोरं काय जेवता रे?" आत्यानं मुद्द्याला हात घातला.

"मागं पिठलं-भाकरी असती आजी. भांडी घासायला येत्यात त्या मावशी करत्यात. ठेचा बी असतोय."

"मग आमाला त्येच आण की."

पोराचा चेहरा कसनुसा झाला. "न्हाई देता येत. कॉम्प्युटरमधी पिठल्याला कोडच न्हाई."

म्हणजे त्या वातानुकूलित इमारतीत चांगलं जेवण शिजत होतं, खात्रीचे लोक ते रोज खात होते आणि आमच्याकडे पैसेही होते. फक्त ते विकण्याची सोय नव्हती. शेवटी पनीरच्या दोन आणि व्हेजच्या दोन भाज्या सांगितल्या, नावं वेगवेगळी बघून. भाचीनं सिझलर मागवला. तेव्हा कॅप्टन समोर उभे असल्यामुळे पोराला इशारा करता आला नाही.

आता या भाज्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यातली मेख पुष्कळांना ठाऊक नसते. अशा हॉटेलच्या किचनमध्ये दीडशे भाज्या शिजत नसतात. सकाळी तीन मोठे टोप चढतात. लाल ग्रेव्ही टोमॅटोची, पांढरी काजू, मगज बी आणि उकडलेल्या कांद्याची, आणि पिवळी कांदा-हळदीची. मेनूतलं पुढचं सगळं वाङ्मय या तीन टोपांच्या संकरातून जन्माला येतं. लाल अधिक लोणी म्हणजे मखनी. पांढऱ्यात साखर आणि क्रीम घातलं की शाही. पिवळीत लाल तिखटाचा तवंग सोडला की कोल्हापुरी, आणि तीच ढोबळी मिरची घालून पितळेच्या छोट्या कढईत ओतली की कढई. यात फसवणूक काही नाही. सगळ्या धंद्याची पद्धतच ती आहे आणि हाताला चव असलेला आचारी याच तीन टोपांतून बोटं चाटायला लावतो. त्यासाठी कांदा गुलाबी होईपर्यंत उभं राहावं लागतं, मसाल्याला तेल सुटायची वाट बघावी लागते. आमच्या वेळी टोपापाशी उभा असलेला माणूस बहुधा वाट बघणाऱ्यांतला नव्हता. चारी वाट्यांतून चार रंग आले आणि चव एकच आली, तीही कच्च्या कांद्याची. ताईनं डोळे मिटून खाल्लं आणि तिला आपण कोल्हापुरी खातोय की शाही, हे सांगता आलं नाही. दाजींनी डोळे उघडे ठेवून खाल्लं. उजेडच नसल्यामुळे त्यांनाही सांगता आलं नाही.

भाज्या आल्या तेव्हा रोट्या नव्हत्या. रोट्या आल्या तेव्हा भाज्या आळून बसल्या होत्या आणि त्यांवर साय धरली होती. दरम्यान चार जण आमच्या टेबलाभोवती फिरत होते. एकाकडे फक्त पाणी ओतायचं खातं होतं. दुसरा फक्त नॅपकिन सरळ करायचा. रोटी कुठवर आली असं तिसऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते माझ्याकडे नाही, सर," आणि मला एकदम पंचायत समितीत आल्यासारखं वाटलं.

सिझलर मात्र वाजतगाजत आला. धुराचा लोट, चर्र आवाज, आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या, भाचीनं व्हिडिओ काढला. धूर ओसरल्यावर दिसलं ते असं : तापलेली बिडाची प्लेट, तिच्यावर कोबीचं जाड पान, आणि पानावर गार भात, गार नूडल्स, गार फरसबी. प्लेटच्या कडेला पाणी-लोणी शिंपडलं की आवाज होतो. आवाजाचा आणि भाताचा एकमेकांशी परिचयच नव्हता. सिझलर मुंबईत १९६०च्या दशकात सुरू झाला. तिथून कराडला यायला त्याला इतकी वर्षं लागली, म्हटल्यावर तो वाटेत निवणारच.

जेवण संपत आलं तेव्हा मालक आले. पांढरा शर्ट, दोन बोटांत अंगठ्या. त्यांनी खुर्ची ओढली, दाजींना शाल घातली, पेढा भरवला आणि तो प्रश्न विचारला. "कसं काय वाटलं पाव्हणं?"

शहरात या प्रश्नाला उत्तर देता येतं. तिथे मालक पुन्हा भेटणार नसतो. आमच्याकडे तो पुढच्या महिन्यात साखरपुड्यात शेजारच्या खुर्चीवर बसणार असतो. त्याच्या वहिनी माझ्या बायकोच्या भिशीत असतात. त्याचा पुतण्या आमच्या शाळेत यंदा दहावीला असतो. तेव्हा मी, दाजी आणि ताई, तिघांनी एका सुरात सांगितलं, "एक नंबर!" बायको म्हणाली, "वेगळंच होतं." भाची मोबाइलमध्ये बघत राहिली.

मालक आत्याकडे वळले. आमच्या पोटात गोळा आला.

आत्या थोडा वेळ विचारात पडली. खोटं बोलायची तिला सवय नाही आणि पाहुण्याचं मन मोडायचंही तिच्यात नाही. शेवटी खुर्चीच्या मखमली हातावरून हात फिरवत ती म्हणाली, "खुर्च्या लई ग्वाड हाईत."

मालक खूश झाले. म्हणाले, "आत्यांना बरोब्बर कळलं. सगळा खर्च तिथंच झालाय." मग त्यांनी सांगितलं की शेफ पुण्याच्या मोठ्या हॉटेलातून आणला होता, पण तो दिवाळीपासून सुट्टीवर आहे.

बिल आलं. दाजी पेशानं करसल्लागार, तेव्हा त्यांनी ते मेनूपेक्षा आवडीनं वाचलं. पाहुणे म्हणून मालकांनी दहा टक्के सूट दिली होती. त्याखाली मशीननं दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. त्या सर्व्हिस चार्जसह सगळ्यावर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के जीएसटी. दाजी माझ्या कानाशी आले. "शंभराचे नव्वद झाले, नव्वदाचे परत नव्याण्णव. शंभरामागं एक रुपयाची पाव्हणकी हाय ही."

मग ते त्याच कुजबुजत्या आवाजात मला कायदा सांगायला लागले. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. हॉटेलानं तो बिलात परस्पर लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वं योग्य ठरवली. तेव्हा हा आकडा काढून टाका म्हणायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. असं म्हणत दाजींनी खिशातून पाकीट काढलं, पूर्ण बिल भरलं, वर शंभराची नोट ठेवली आणि मालकांना म्हणाले, "सर्व्हिस एकदम झकास."

शंभराची नोट कॅप्टननी उचलली. माझा विद्यार्थी दारापर्यंत सोडायला आला, तेव्हा मी त्याच्या हातात वेगळे पैसे कोंबले. संध्याकाळभरात सेवा म्हणावी अशी एकच गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे त्यानं आम्हाला सूपापासून वाचवलं. तो घेईना. मग आत्या म्हणाली, "घे रं. फुडच्या खेपंला डब्यातनं पिठलं दे चोरून."

भाचीनं गाडीतच गूगल उघडलं आणि एक तारा द्यायला बोट नेलं. ताईनं तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. आता तिथे आमच्या आडनावाचेही पाच तारे आहेत.

तेव्हा वाचकहो, बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, बिनधास्त तक्रार करा. फक्त फोन लावायच्या आधी मालकांचं आडनाव आणि मूळ गाव तेवढं विचारून घ्या.