दरी कुणाच्या बाजूला?

डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घाटाचं काय भय, अशी माझी समजूत होती. शहरच मुळी 5,280 फुटांवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम सव्वाशे फूट बुटकं. ही समजूत अर्थात कारमधली होती. साताऱ्याहून आई-बाबा आले, त्यांना मेसा व्हर्डे दाखवायचं ठरलं आणि मी हौसेने 25 फुटी आरव्ही भाड्याने घेतली. साध्या लायसन्सवर देतात. हा नियम करणाऱ्याने मला गाडी मागे घेताना पाहिलेलं नसावं.

आईने आत शिरून शेगडी, फ्रिज, बिछाने, संडास सगळं तपासलं. "अरे, हा तर वन बीएचके!" बाबा एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर. ते घराकडे ढुंकूनही न बघता टायरांना लाथा मारत होते.

रात्री टेबलावर नकाशा. मला 550 नंबरचा रस्ता हवा होता, यूरे ते सिल्व्हर्टन, 'मिलियन डॉलर हायवे'. बायकोने फोटो मोठा करून पाहिला.

"कठडा कुठाय?"

"बऱ्याच ठिकाणी नाहीच. हिवाळ्यात बर्फ दरीत लोटायला जागा लागते."

"म्हणजे बर्फाची सोय आधी, आपली नंतर."

बाबांनी चष्मा वर केला. "दरी कुणाच्या बाजूला?"

मी विचारच केला नव्हता. इथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. यूरेहून दक्षिणेला निघालं की उजवीकडे थेट दरी. ड्रायव्हर बसतो डावीकडे, म्हणजे दरी येणार शेजारच्या खिडकीत. शेजारी बसणारी व्यक्ती तोवर नकाशाची घडी घालून मोकळी झाली होती.

तोडगा बाबांनीच काढला. जाताना वुल्फ क्रीकच्या घाटाने जायचं, येताना सिल्व्हर्टनहून यूरेकडे, म्हणजे डोंगराला चिकटून. वुल्फ क्रीक 10,857 फूट, कळसूबाईच्या दुप्पट, पण रस्ता रुंद. कोंबड्यांनी भरलेल्या एका ट्रकचे ब्रेक याच घाटात जातात, असं 1975 सालचं एक गाजलेलं गाणं आहे. ते मी घरी कुणाला ऐकवलं नाही.

चढ निभावला. उतार लागल्यावर फळीवरची भांडी एकेक करून खाली यायला लागली. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला काढलेली खडीची वाट दिसली. ती बघून माझा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने मागून आई म्हणाली, "काही करपतंय का रे? शेगडी तर बंद आहे."

"शेगडी नाही, ब्रेक करपतायत," बाबा शांतपणे म्हणाले. "ज्या गियरात चढवलीस त्याच गियरात उतरव. खंडाळ्यात काय शिकवलं होतं तुला?"

डुरँगोला पोहोचल्यावर आरव्ही कॅम्पात लावली आणि सिल्व्हर्टनला आगगाडीने गेलो. 1882 पासून चालू आहे ती, दरीच्या काठाकाठाने. दरी पुन्हा बायकोच्याच खिडकीत आली, पण या वेळी तिने फोटो काढले.

परतीच्या वाटेचा विषय कुणीच काढला नाही. वुल्फ क्रीकनेच आलो. गाडी परत केली तेव्हा दोन बश्या फुटलेल्या होत्या. त्यांचे पैसे बाबांनी मला भरायला लावले.