दुपार मोकळी आहे

केझिक या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधोमध एक डब्ल्यू बसला आहे, आणि तो मुका आहे. नगरच्या निवृत्त मास्तरांना हे मान्य नव्हतं. लीड्सहून गाडी चालवणाऱ्या भाच्याने तीनदा दुरुस्ती केली, तरी मास्तर 'केस्विक'च म्हणत राहिले. अक्षर लिहायचं आणि बोलायचं नाही, ही उधळपट्टी छत्तीस वर्षं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाला कशी पटणार?

वायव्य इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचं हे गाव. 1875 मध्ये इथल्या सेंट जॉन चर्चचे पाळक हारफर्ड-बॅटर्सबी आणि त्यांचे क्वेकर स्नेही रॉबर्ट विल्सन यांनी तंबू ठोकून एक ख्रिस्ती अधिवेशन भरवलं. ठरलेले प्रमुख वक्ते ऐनवेळी आलेच नाहीत. तरी अधिवेशन पार पडलं, आणि महायुद्धांसारखे खंड सोडले तर उन्हाळ्याच्या उन्हाळ्याला भरतच राहिलं. आता ते तीन आठवडे चालतं. मास्तरांना मात्र या सगळ्यापेक्षा 1898 हे साल महत्त्वाचं होतं. त्या वर्षी पंडिता रमाबाई इथे आल्या, काही मिनिटंच बोलल्या आणि भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना मागून गेल्या. रमाबाईंचं केडगाव नगरपासून किती जवळ, हे मास्तर पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या स्कॉटिश गृहस्थांना नकाशा काढून समजावत होते.

कार्यक्रम साधा. सकाळी शास्त्राभ्यास, संध्याकाळी मोठी सभा, आणि मधे ती जगप्रसिद्ध मोकळी दुपार. तंबूत बसायला तिकीट नाही. गावात गाडी लावायला मात्र पैसे. "कृपा फुकट, पार्किंग महाग," भाचा म्हणाला. मामींनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण नंतर पर्समधली नाणी त्यांनीच काढून दिली.

इथे येणाऱ्यांत पंथभेद मानत नाहीत, तेच या अधिवेशनाचं ब्रीद. बूटभेद मात्र कडक. सकाळच्या प्रवचनात नजर जरा खाली वळवली की कळतं, कोण कुठे निघालाय. जाड तळव्याचे, चिखलाने माखलेले बूट म्हणजे स्किडॉ, 931 मीटर. मध्यम बूट म्हणजे कॅटबेल्स, 451 मीटर. आणि नगरच्या कापडबाजारातून घेतलेले काळे चामडी बूट म्हणजे सरोवराकाठी बाक शोधणारे मास्तर. शेवटचं 'आमेन' होतं न होतं तोच तंबूभर झिपा ओढल्याचा आवाज उठतो.

आणि पाऊस. इथून पंधरा किलोमीटरच्या आत असलेलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात ओलं वस्तीचं ठिकाण मानतात. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मास्तर हसले. आपल्या महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या वर पडतो! पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिने कोसळून एकदाचा घरी जातो. इथला बारा महिने मुक्कामाला, आणि कधी आला, कधी गेला याचा पत्ता नाही. भिजून चिंब झालेल्या इंग्लिश आजीबाई समोरून येतात आणि हवा छान आहे म्हणतात. त्यांच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नसतो.

मामींनी बाक नाकारला. "अहो, इतक्या लांब येऊन बाकावर काय बसायचं? बाक नगरच्या सिद्धीबागेतही आहे." मग तिघं डरवेंटवॉटर सरोवराच्या लाँचमध्ये बसून पलीकडे उतरले आणि कॅटबेल्सच्या वाटेला लागले. वेनराइट नावाच्या गृहस्थांनी इथल्या 214 डोंगरांवर हाताने चित्रं काढून सात पुस्तकं लिहिली. हा डोंगर त्यांनी आजी-नातवंडांनी मिळून चढण्याजोगा ठरवला, असं भाच्याने सांगितलं. माथ्याखाली हात टेकून चढायचे खडक आहेत, हे त्याने वर पोचल्यावर सांगितलं. मामी नगरजवळच्या चांदबिबीच्या महालाची चढण पायी चढून तयार झालेल्या. त्या पदर खोचून पुढे गेल्या. मास्तरांचे चामडी बूट दर दोन पावलांमागे एक पाऊल परत करत होते.

माथ्यावर लक्षात आलं, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा लाँचमध्येच राहिला.

भाच्याने खिशातून केंडल मिंट केक काढला. 1953 मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टवर हाच नेला होता, असं तो आदराने म्हणाला. मामींनी तुकडा मोडला, चघळला, आणि निकाल दिला: "पेपरमिंटची ढेप आहे ही. एव्हरेस्टवर दुसरं काही मिळत नसेल."

खाली आल्यावर पावसाने जोर धरला, म्हणून पेन्सिलींचं संग्रहालय. इथल्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्रॅफाइट सापडलं. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी नकाशा आणि होकायंत्र लपवलेल्या पेन्सिली इथेच बनल्या. पेन्सिलीचा कारखाना 2008 मध्ये वर्किंग्टनला गेला आणि त्याची रिकामी वास्तू पुढे अधिवेशनवाल्यांनी विकत घेतली. सुमारे आठ मीटर लांबीच्या पिवळ्या पेन्सिलीसमोर मास्तर इतका वेळ उभे राहिले, की तेवढा वेळ ते कॅटबेल्सच्या माथ्यावरही थांबले नव्हते. "हिला टोक काढायला शिपाई किती लागतील?" त्यांनी विचारलं, आणि दुकानातून एक साधी, हातात मावेल अशी पेन्सिल घेतली.

संध्याकाळच्या सभेला ते उशिरा पोचले. दोष घड्याळाचा. बाजारातल्या मूट हॉलच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. मास्तरांनी काटा सातच्या अलीकडे पाहिला आणि निवांत चहा मागवला. अलीकडे म्हणजे किती अलीकडे, हे त्या घड्याळाला विचारून उपयोग नव्हता.

तंबूच्या कापडावर पाऊस ताशा वाजवत होता. मास्तरांनी टिपणं काढायला वही उघडली. दुपारभर पिशवीत भिजल्यामुळे शाईने लिहिलेली तीन दिवसांची प्रवचनं निळ्या डबक्यात विरघळली होती. फक्त संग्रहालयाच्या दारात नवी पेन्सिल चालते का हे पाहण्यासाठी लिहिलेली एक ओळ स्वच्छ वाचता येत होती: 'डबा लाँचवर. उद्या विचारणे.'