साडेनऊचं बाळ

मालिशवाल्या मावशींच्या लेखी बाळाला नाव नसतं. बारशाच्या आधीच त्यांचा कारभार सुरू होतो, त्यामुळे ते रीतसरही आहे. ‘आठचं बाळ’, ‘साडेनऊचं बाळ’, ‘सी विंगमधलं चिडकं बाळ’ अशी त्यांची खतावणी, आणि ती सगळी डोक्यात. मावशींचं खरं नाव तरी कुणाला ठाऊक असतं? डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या ‘मालिश मावशी’च आहेत. फिटंफाट.

त्यांना सांगून ठेवायचं सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाची साडी घ्यायच्या आधी. मुलाखत होते, पण ती मावशी घेतात. ‘मोरीत पाय पसरून बसता येतं ना, की काचेचं कपाट करून ठेवलंय?’ हा पहिला प्रश्न. ‘गिझर गॅसचा की विजेचा?’ हा दुसरा. गॅसचा असेल आणि मोरीच्या आत असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच बाळाला आत आणायचं, हा त्यांचा दंडक. ‘त्याने माणूस गुंगतो’ एवढंच त्यांचं शास्त्र. कोंदट मोरीत अशा गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो, हे घरातल्या इंजिनिअर बापाने वाचलेलं असतं. पण गिझर बंद करायचं सुचतं मावशींना. तिसरा प्रश्न, ‘राहायला आई येणार की सासू?’ या उत्तरावर दर ठरत असावा, असा माझा संशय आहे.

बाळाचे पैसे वेगळे, बाळंतिणीचे वेगळे, शेकाचे वेगळे, आणि सव्वा महिना झाला की साडी. एका बापाने ‘तिन्ही मिळून पॅकेज किती?’ असं विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘जुळं असतं तर बघितलं असतं.’

नाळ पडल्याशिवाय मावशी बाळाला पाण्यात घेत नाहीत. तोवर ओल्या फडक्याने पुसायचं आणि बेंबी कोरडी ठेवायची. इथे त्यांची आणि डॉक्टरांची पत्रिका छान जुळते. जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. नाळ एक-दोन आठवड्यांत आपली आपण गळते. तिला हळद, राख, तेल काही म्हणजे काही लावायचं नसतं. मावशींना कारण विचारा. ‘ओली नाळ चिडते.’ कुणावर, ते विचारायचं नाही. मावशींचे हात शहाणे आणि तोंड अडाणी, असं माझं मत बनलं आहे. काय करायचं ते हातांना नेमकं कळतं. का करायचं, हे तोंडाने सांगायला घेतलं की घोटाळा.

हातांचं कसब बघण्यासारखं असतं. आल्या आल्या बांगड्या आणि अंगठी काढून खिडकीत ठेवायची, नखं बोटाने चाचपायची. मग पलंगावर पंचा, दुपटं, लंगोट, झबलं, टोपडं सगळं आधीच ओळीने मांडायचं. बाळ एकदा हातात घेतलं की दारावरची बेल वाजो, फोन वाजो, मावशी जागच्या हलत नाहीत. घरातल्या पुरुषांना या वेळात एकच काम असतं, पंखा बंद करणं. तो मावशींनी आधीच बंद केलेला असतो. बादलीत गार पाणी आधी, गरम मागून. मग पाटावर बसून, साडी गुडघ्यांपर्यंत खोचून, पाय लांब पसरून त्या बाळाला नडग्यांच्या खोबणीत निजवतात. एक हात मानेखालून जो जातो तो शेवटपर्यंत तिथेच. तांब्यातलं पाणी थेट बाळावर पडतच नाही. ते आधी मावशींच्या तळव्यावर पडतं आणि तिथून ओघळत बाळाच्या छातीवर उतरतं. डोकं धुताना तोच तळवा कपाळावर आडवा होतो, डोळ्यांत थेंब जात नाही. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपतं, आणि पहिल्यांदा पुसलं जातं ते डोकं. मान, काखा, जांघा इथल्या वळ्या एकेक उलगडून टिपायच्या, चोळायच्या नाहीत.

सिअ‍ॅटलला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आमच्या एका शेजारणीने तिकडची टबातली आंघोळ मावशींना व्हिडिओ कॉलवर दाखवली. टबात चार बोटं पाणी, एक हात डोक्याखाली, सगळं अगदी व्यवस्थित. मावशींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘पण पाय कुणाचे?’

साडेनऊच्या बाळाच्या बापाने पाण्याचं तापमान दाखवणारं प्लॅस्टिकचं बदक मागवलं होतं. पाणी ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे बाळाच्या अंगाइतकंच हवं, हे तो पाठ करून बसलेला. मावशींनी बादलीत हात घातला आणि ‘कोमट आहे’ म्हणाल्या. बदकाने ४१ दाखवलं आणि वर लाल दिवा लावला.

‘तुमच्या बदकाला ताप आलाय,’ मावशी म्हणाल्या.

या भांडणात बदक खरं होतं. उभा जन्म कढत पाण्यात घातलेल्या तळहाताला ४१ अंश कोमटच लागणार. म्हणून तर पाणी कोपराने बघायचं असतं. बाप हुशार निघाला. म्हणाला, ‘मावशी, हात तुमचा कामाचा, त्याला काय कळणार? जरा कोपर घालून बघता?’ मावशींनी कोपर घातलं. काही न बोलता गार पाण्याचे दोन तांबे ओतले. बदकाची रवानगी माळ्यावर झाली, पण कोपर कायम झालं.

डॉक्टरांचा कागद मोरीच्या दारावर चिकटवलेला असतो. कानात-नाकात तेल नको, काजळ नको, धुरी नको, छाती पिळायची नाही. मावशी त्याच्यासमोरून रोज जातात. ‘चष्मा घरी राहिला.’ तेलाच्या बाबतीत तर त्या हटूनच बसल्या होत्या. अंगाला खोबरेल लावा, कुणाची ना नाही. पण नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. मावशींचा मुद्दा, ‘कानात तेल नाही घातलं तर पोर ऐकणार कसं?’ त्यावर साडेनऊच्या बाळाची आजी, एरवी मावशींच्या पक्षाची, आतून म्हणाली, ‘यांच्या कानात सासूबाईंनी वाटीभर घातलं होतं, तरी यांनी माझं कधी ऐकलंय?’ आजोबांनी पेपर वर धरला. बाळाकडे डोळ्यांत तेल घालून बघावं जरूर, मात्र ते आपल्या डोळ्यांत.

छातीच्या बाबतीत विनोद चालत नाही. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती कधीकधी फुगते, थेंबभर दूधही येतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. पिळलं तर पू व्हायची भीती. तिथे बाळंतिणीने सरळ मावशींचा हात धरला. मावशी दोन दिवस घुश्शात होत्या, तिसऱ्या दिवशी आपसूक बोलायला लागल्या.

मसुराचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद हा त्यांचा लगदा. त्याने कपाळावरची लव घासायची. ती लव काही आठवड्यांत स्वतःहून गळते, घासून फक्त कातडी लाल होते. पण बाळाला रोज साबण नको, असं डॉक्टर बोलून गेले, आणि मावशींनी तेवढंच ऐकलं. ‘बघा, डॉक्टरपण पीठच लावा म्हणतो.’ शेवटी घासायचं नाही या अटीवर पीठ हातापायांपुरतं राहिलं. धुरीचा निकालही असाच लागला. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट, म्हणून वावडिंग, ओवा आणि लसणाच्या साली निखाऱ्यांवर घालून आजी गॅलरीत बसली. बाळ आतल्या खोलीत, दार बंद. धूर जिन्यात गेला, वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन धापा टाकत वर आला. मावशी म्हणाल्या, ‘आलाच आहेस तर बाळ बघून जा, पण लांबून.’

श्रेय घेण्यात मावशींचा हात कुणी धरणार नाही. बाळंतपणात लांबुळकं झालेलं डोकं काही दिवसांत आपोआप गोल होतं. मावशी रुजू होतात त्या नेमक्या याच सुमाराला. कामाला लागल्यावर चार दिवसांत डोकं गोल, मग श्रेय काय डॉक्टरला द्यायचं? नाकाचंही तसंच. ‘आजोबांवर गेलं होतं, वळवून घेतलं,’ असं त्या आजोबांसमोरच सांगतात. रोज दोन बोटांनी ओढल्यासारखं करतात खरं, पण बोटं टेकतात न टेकतात. नाक आपल्या गतीने, बापजाद्यांच्या मर्जीने वाढतं. आंघोळीनंतर बाळ तीन तास झोपलं तर तो हातगुण. नाही झोपलं तर आईने काल वाटाणे खाल्ले.

सव्वा महिना भरला, साडी मिळाली. साडेनऊची वेळ रिकामी झाली म्हणून मावशींनी ती बी विंगमधल्या नव्या बाळाला दिली. तिथल्या पणजीबाई जुन्या वळणाच्या. पहिल्याच दिवशी हौसेने खोबरेल कोमट करून वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘कानात दोन-दोन थेंब सोडा हो.’

मावशींनी वाटी बाजूला सारली. ‘आजी, तो कान आहे, पणती नव्हे.’