अस्खलित बिबट्या

वन्य पशूंच्या मनोव्यापारांविषयी मानवजातीला अनादी कालापासून जी जिज्ञासा आहे, तिचे समाधान करण्याचे काम पूर्वी ऋषिमुनी करीत, मध्यंतरी ते शिकाऱ्यांकडे गेले, आणि हल्ली कुमारवयीन वाचकांसाठी अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या मंडळींनी त्याचा मक्ता घेतला आहे. या मक्त्यातून निघालेला एक सव्वातीनशे पृष्ठांचा ग्रंथ नुकताच आमच्या हाती आला. त्याचे व त्याच्या कर्त्याचे नाव येथे देत नाही. कारण ही कथा खुद्द एका बिबट्याने सांगितली असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद असल्यामुळे सर्व उत्तरदायित्व कायद्याने त्या जनावरावर येते, आणि बिबट्यावर समन्स बजावण्याची तजवीज अंधेरीच्या कोर्टात अद्याप झालेली नाही.

कथानायक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा रहिवासी आहे. येथवर तक्रारीला जागा नाही. उलट आमच्या उपनगरांचा साहित्यात एकदाचा शिरकाव झाला म्हणून आम्ही मोठ्या उमेदीने पुस्तक उघडले. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे अरण्य, त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन जलाशय, डोंगरात कोरलेली कान्हेरीची शंभरावर लेणी, एका अंगाने बोरिवली आणि दुसऱ्या अंगाने मुलुंड अशी दुहेरी चाल करून आलेली इमारतींची फौज, कुंपणाच्या आत बिबटे आणि बाहेर गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभा: एवढी सामग्री ज्याला आयती मिळाली, त्याने ती बाजूला सारून नायकाच्या कपाळावर चांदणीच्या आकाराचा ठिपका काढावा, हे पाहून आमचा उत्साह पहिल्याच प्रकरणात निम्म्यावर आला.

चांदणी असल्यावर भविष्यवाणी आलीच. ती कान्हेरीच्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलेली असून, जी लिपी आमच्या विद्यापीठांच्या पदवीधरांपुढे मूक उभी राहते, ती हे दीड वर्षांचे पोरके जनावर चंद्रप्रकाशात घडाघडा वाचते. मग एक वृद्ध घुबड गुरू म्हणून रुजू होते, तुळशीच्या तळाशी एक स्फटिक असल्याचे निष्पन्न होते, आणि त्या स्फटिकावर एका काळ्या बिबट्याचा डोळा असतो, ज्याचा मुख्य अपराध त्याचा वर्ण हाच असावा असा आम्हांस दाट संशय आहे. अद्भुताशी आमचे वैर नाही. बोलणारे घुबड आम्ही विनातक्रार मान्य केले. फक्त त्याने काही बोलण्यासारखे बोलावे, एवढीच आमची माफक अपेक्षा होती.

नायकाचा जिवलग मित्र म्हणजे मुलुंडचा एक भटका कुत्रा. या ठिकाणी आम्ही पुस्तक क्षणभर खाली ठेवले. या उद्यानातील बिबट्यांच्या आहाराचा ज्या अभ्यासकांनी शास्त्रोक्त शोध घेतला, त्यांच्या निष्कर्षांत भटक्या कुत्र्याला फार मानाचे स्थान आहे. तेव्हा प्रस्तुत मैत्री प्रत्यक्षात फार तर पाच मिनिटे टिकेल आणि त्यानंतर दोहोंपैकी एकच मित्र उरेल, हे उघड आहे. परंतु आमच्या नायकाचा आहारविषयक विवेक इतका जागृत आहे, की एका चितळाची शिकार करावी की न करावी या प्रश्नावर तो तीन पृष्ठे तळमळतो, घुबडाचा सल्ला घेतो, चितळाच्या कुटुंबाची मनोमन क्षमा मागतो, आणि चौथ्या पृष्ठाच्या आरंभी आम्हांस एवढेच कळते, की त्याने 'आवश्यक ते पोषण घेतले'. जणू दवाखान्यातून नुकत्याच सुटलेल्या गृहस्थाचे हे भोजन असावे! मान, दात, रक्त, धडपड, त्यानंतरची सुस्ती, यांपैकी एकाही गोष्टीला या ग्रंथात प्रवेश नाही.

वासालाही नाही. ज्या प्राण्याचा दिवस हद्दीच्या खुणा हुंगण्यात आणि स्वतःच्या खुणा ठेवण्यात जातो, त्याच्या सव्वातीनशे पृष्ठांच्या आत्मनिवेदनात वासाचा उल्लेख एकदाच येतो, तोही मोगऱ्याच्या. याउलट सूर्यास्त मात्र अर्धे पान व्यापून बसला असून त्यात केशरी, तांबडा, गुलाबी आणि शेंदरी अशा छटा वेगवेगळ्या मोजल्या आहेत. मार्जारकुलातील प्राण्यांना तांबड्या रंगाची ओळख जेमतेमच असते, ही बाब कोणी तरी लेखकाच्या कानावर घालावयास हवी होती.

आमच्या घरी या ग्रंथाची परीक्षा नववीत शिकणाऱ्या नातीने आमच्या आधीच उरकली होती. शंभराव्या पानाच्या आसपास तिने तो मिटला व म्हणाली, "आजोबा, हा बिबट्या आमच्या क्लासच्या सरांसारखा बोलतो." घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या मजल्यावर जो आत्मविश्वास तासावर विकला जातो, तोच येथे प्रकरणागणिक वाटला आहे. 'तुझ्यातील शक्ती ओळख', 'अपयशाला घाबरू नकोस', 'तू वेगळा आहेस', असे घुबड सांगते, कुत्रा सांगतो, शेवटी तुळशीचे पाणीही सांगते. स्वतःच्या वजनाएवढे भक्ष्य दातांत धरून जो झाडावर चढतो, त्या जनावराला आत्मविश्वासाची शिकवणी लावण्याचे औद्धत्य आजवर सर्कसवाल्यांनीही केले नसेल.

पशूने कथा सांगावी यात नवे काहीच नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने शूद्रक राजाच्या दरबारात पिंजऱ्यातला एक पोपट उभा केला आणि त्याच्याकडून त्याची कहाणी वदवली. शाल्मली वृक्षाच्या ढोलीतला जन्म, झाडावर चढून पिलांच्या माना मुरगळणारा म्हातारा शबर, पंखांखाली पिलाला झाकून मेलेला बाप, आणि या सगळ्यानंतर, सुकलेल्या पानांत पडून वाचलेल्या त्या पिलाला शोकाहूनही अधिक छळणारी तहान. बाप नुकताच मेला आहे आणि मला पाणी हवे आहे, जगावयाचे आहे, याची त्या पोपटाला लाज वाटते, आणि तरी तो पाण्याकडे सरपटतो. महाभारताच्या अश्वमेधपर्वात अर्धे अंग सोन्याचे झालेला मुंगूस भर यज्ञमंडपात येऊन, धर्मराजाच्या या अफाट दानधर्माला कुरुक्षेत्रातल्या एका दरिद्री ब्राह्मणाच्या पायलीभरही नसलेल्या सातूची सर नाही, असे निर्भयपणे सुनावतो. त्याचा पुरावा त्याच्या अंगावर आहे. राहिलेले अर्धे अंग सोन्याचे झाले नाही, यापलीकडे त्याला युक्तिवादाची गरज पडत नाही. आणि कुमारवाङ्मयाचा आद्य मक्तेदार विष्णुशर्मा? राजाच्या तीन मठ्ठ पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची लेखी म्हणावी अशी हमी त्याने दिली, पण आत्मविश्वासाचा एक धडाही दिला नाही. पहिल्याच तंत्रात निरपराध बैल हकनाक मारला जातो, कारस्थानी कोल्हा प्रधानकी पटकावतो, आणि राजपुत्र शहाणे होतात. आमच्या मते म्हणूनच होतात. परदेशातही हा रिवाज पाळला गेलेला दिसतो. जपानच्या सोसेकीने १९०५ साली एका निनावी मांजराकरवी त्याच्या शिक्षक-मालकाची अब्रू वेशीवर टांगली. मांजर शेवटपर्यंत सुधारले नाही, मालकही नाही. आमच्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी १९८२ साली 'सत्तांतर' लिहिताना वानरांच्या टोळ्यांना माणसांची भाषणे दिली नाहीत. त्यांनी पाहिले ते लिहिले, आणि सत्ता कशी मिळते व कशी जाते हे वाचकाला परस्पर उमगले.

हे सारे साक्षीदार होते. जे माणसाला दिसत नाही, किंवा दिसत असून सांगण्याची छाती होत नाही, ते त्यांनी जबानीत सांगितले. आमच्या नायकाला मात्र फौजदारी वकील ज्याला पढवलेला साक्षीदार म्हणतात, त्याच सदरात दाखल करावे लागेल. बाणाचा खराखुरा पोपट पोपटपंची करीत नाही, आणि ती करण्याची पाळी बोरिवलीच्या बिबट्यावर यावी, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

वस्तुतः अस्सल साक्षीदार याच परिसरात येऊन गेला. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्कर बिबट्या बाहेर काढण्यात आला, गळ्यात पट्टा अडकवून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले, आणि वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या दप्तरी त्या पट्ट्याकडून त्याच्या मुक्कामांची वर्दी येऊ लागली. शंभराहून अधिक किलोमीटर चालून, आग्रा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याचा लोहमार्ग पार करून, वसईची खाडी पोहून, तो थेट मुंबईच्या या उद्यानाशी येऊन ठेपला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही आणि बहुतेकांना दर्शनही दिले नाही. त्याच्या शांत स्वभावामुळे अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हटले, २०१४ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. स्वतः नायक मात्र तोवर हयात नव्हता, २०११ सालीच महामार्गावर एका वाहनाने त्याचा निकाल लावला होता. तो का निघाला, कशाच्या ओढीने निघाला, याचा खुलासा त्याने केला नाही. एखाद्या लेखकाने त्या खाडीच्या काठावर, पाण्यात पहिला पंजा टाकण्यापूर्वी, त्याच्या नाकाला काय काय कळले असेल एवढ्याच प्रश्नावर चार पाने खर्ची घातली असती, तर आम्ही ती नातीला मोठ्याने वाचून दाखविली असती. पण त्याच्या कपाळावर चांदणी नव्हती, सबब तो नायकपदास अपात्र ठरला असावा.

या बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी वनखात्याने एक परवाना सुरू करावा, अशी आमची सरकारदरबारी अर्जी आहे. ज्या लेखकास पशुमुखाने कथा वदवावयाची असेल, त्याने प्रथम त्या पशूच्या वस्तीलगत, निदान मुलुंडच्या वा बोरिवलीच्या कुंपणालगतच्या एखाद्या इमारतीत तळमजल्यावर एक पावसाळा काढावा. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर रात्री कोण कोणास भेटते, आणि सकाळी कोणता कुत्रा हजेरीला गैरहजर असतो, याची नोंदवही ठेवावी. पाड्यांवर वारली मंडळी वाघोबाला पुजतात त्या ठिकाणी जाऊन, ते लोक त्याच्यापाशी काय मागतात आणि काय मागत नाहीत, हे मुकाट्याने ऐकावे. आणि शेवटी असा मुचलका लिहून द्यावा, की माझा निवेदक भूक लागल्यास खाईल, खाताना क्षमा मागणार नाही, आणि ब्राह्मी वाचणार नाही. मुचलका मोडल्यास हस्तलिखित जप्त करून ते उद्यानातील माकडांच्या हवाली करण्यात यावे. छापील मजकुराचा त्यांच्याइतका निःपक्षपाती समाचार घेणारा समीक्षकवर्ग आमच्या माहितीत दुसरा नाही.

ग्रंथमालेचा दुसरा भाग येऊ घातला असून, त्याची निवेदिका पवई तलावातील एक मगर असल्याचे शेवटच्या पानावर जाहीर झाले आहे. पुस्तकविक्रेत्याने आगाऊ नोंदणीसाठी वही पुढे केली तेव्हा आम्ही बिनदिक्कत सही केली. खोटे अश्रू ढाळण्याचा जन्मसिद्ध अधिकार असलेला निवेदक या ग्रंथकाराला अखेर लाभला आहे.